मडमेची ओटी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे सगळं माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि निम्मं तर माझ्या डोळ्यांसमोर.

आणखी एक सांगते. भुताच्या गोष्टीत अमावस्येची रात्र असते, कुत्री रडतात. इथे तसलं काही नाही.

सगळं भर दुपारी घडलं.

मी उज्वला. नाशिक रोडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आमचे आईवडील गेले, तेव्हापासून धाकट्या मनीषाचं माहेर म्हणजे मीच. तिला सिन्नरला दिली. नवरा दीपक तिथल्याच एका कारखान्यात. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड. पण माझ्या बहिणीचं हसू त्या घरात गेल्यावर कमी कमी होत गेलं, हे मला दिसत होतं. या गोष्टीच्या आदल्या वर्षी तिला दिवस राहिले होते. सहाव्या महिन्यात ती घरच्या जिन्यावरून घसरली, आणि सगळं संपलं.

घसरली. मला तेवढंच सांगितलं होतं.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. मनीषाला पुन्हा सातवा महिना लागला होता. ती, दीपक आणि सासू कलाबाई नाशिकला डॉक्टरांकडे आले होते. म्हटलं, आलाच आहात तर माझ्याकडे ओटी भरून घ्या. हिरवा खण काढला, लाल बारीक काठाचा. माझ्या दुकानातला सगळ्यात भारी. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. मनीषाच्या पदरात घातलं, आणि पोरगी किती दिवसांनी हसली.

दुपारी कलाबाईंनी टुमणं लावलं. "उज्वला, ते इंग्रजांच्या टायमाचं चर्च दाव की. नाताळची लायटिंग लय भारी असती म्हणं."

चर्चचं नाव मी सांगणार नाही. तिथे लोक श्रद्धेने जातात, उगाच गोंधळ नको. शहरातलंच आहे. जुनं, काळ्या दगडाचं, उंच छताचं. आम्ही देवळात जावं तशा पायरीशी चपला काढल्या आणि आत गेलो.

आत कुणी नव्हतं. बाकांच्या रांगा, रंगीत काचा, आणि उदबत्तीऐवजी मेणाचा वास. दीपक फोन वर करून व्हिडिओ काढत होता.

डाव्या हाताला, एका खांबाच्या मागे, ती बसली होती.

पांढऱ्या दगडाची बाई. खऱ्या बाईएवढी. मान खाली, लांब बाह्या, मनगटाशी झालर. दोन्ही हात मांडीवर असे वळवलेले, की बाळ धरलंय...

पण हातात काहीच नव्हतं.

"अगं बाई, मेरीमाता!" कलाबाईंनी हात जोडले. "लेकरू कुठं गेलं हिचं? कुणी चोरलं का काय?"

पुतळ्याखाली इंग्रजी अक्षरं होती, बरीचशी झिजलेली. दीपकने वाकून वाचलं, "बिलव्हेड वाइफ." आणि हसला. "लाडकी बायको म्हणं."

मग कलाबाईंनी जे केलं, ते आपल्याकडची बाईच करू शकते. बाई दिसली, मांडी रिकामी दिसली, हात आपोआप पिशवीत गेला. मनीषाच्या ओटीची पिशवी त्यांच्याकडे होती. खण, नारळ, तांदूळ, सगळं त्यांनी त्या दगडाच्या मांडीत घातलं. पर्समधून कुंकू काढून कपाळाला लावलं.

"मावशी, ती मनीषाची ओटी आहे!" मी म्हटलं. "भरलेली ओटी अशी दुसऱ्याला देतात का?"

"देवीला दिली. बिघडलं काय?" आणि पदर पसरून म्हणाल्या, "आई, माझ्या दीपकला मुलगा दे. मुलगाच दे. घरी ये, बारशाला ये. तुझा मान करीन."

घरी ये.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दीपक पुतळ्याच्या खांद्यावर कोपर टेकून उभा राहिला, सेल्फी काढला आणि मनीषाला म्हणाला, "बघ, हिचे पण हात रिकामेच. तुझी बहीण शोभती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मनीषाकडे पाहिलं. ती पुतळ्याकडे टक लावून बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं.

मागून केरसुणीचा आवाज आला. चर्चची झाडलोट करणाऱ्या बाई होत्या. झुंबरबाई नाव. त्यांनी कुंकू पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ती मेरीमाता नाही. मेरीमाता तिकडे, समोर. ही मडम आहे. कुण्या गोऱ्या साहेबाची बायको. साहेबानेच पुतळा बसवला ती मेल्यावर."

"कशाने मेली?" मनीषाने विचारलं. इतक्या वेळात पहिल्यांदा ती बोलली.

"पोटुशी होती. बंगल्याच्या जिन्यावरून घसरली म्हणतात." झुंबरबाईंनी आवाज खाली केला. "तिची आया मात्र सांगायची, घसरली नाही म्हणून. साहेब पण वर्षभरात गेला. त्याच जिन्यावरून. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलंय, खरं-खोटं येशूला माहीत."

दीपकचा चेहरा एकदम उतरला. "चला, चला. उशीर होतोय."

चोराच्या मनात चांदणं. ते मला तेव्हाच दिसलं.

"मग ही ओटी परत उचलावी का?" मी झुंबरबाईंना विचारलं.

"मला काय ठाऊक, बाई? आमच्यात ओटी नसते."

आम्ही निघालो. दारात वळून पाहिलं तर मनीषा मागेच राहिली होती. पुतळ्याच्या पायाशी उभी. तिचे ओठ हलत होते. मी हाक मारली तशी आली.

परतताना गाडीत मागच्या सीटवर आम्ही तिघी. मी, मनीषा, कलाबाई. येताना ऐसपैस बसलो होतो.

आता दाटी होत होती...

"सरक की जरा," कलाबाई म्हणाल्या. मी दाराला चिकटले होते. अजून कुठे सरकणार? मनीषा शांतपणे समोर बघत होती. तिच्या आणि कलाबाईंच्या मध्ये वीतभर जागा मोकळी होती.

आणि एक आवाज येत होता. सळसळ... सळसळ...

तुम्हाला सांगते, कापड मला डोळे मिटून कळतं. कॉटन वेगळं बोलतं, जॉर्जेट वेगळं. हा आवाज टाफेटाचा होता. अस्तराचं कडक रेशमी कापड, आणि तेही भरपूर, घेरदार. आम्ही तिघीही साध्या सुती साड्यांत होतो.

मला दुकानाशी सोडून ते सिन्नरला गेले. संध्याकाळी दीपकने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. त्याचं हसणं, पुतळ्याच्या खांद्यावर कोपर, कपाळावर कुंकू. सगळं नीट आलं होतं.

फक्त मांडीत ओटी नव्हती.

फोटो काढला तेव्हा खण माझ्या डोळ्यांसमोर तिथे होता. हिरवागार. फोटोत नुसता दगड.

मग सिन्नरहून फोन येऊ लागले.

"ताई, दुपारी जेवणं झाली की कुणीतरी जिना चढतं," मनीषा म्हणाली. "सळसळ असा आवाज येतो. वर जातं. खाली येताना कधीच ऐकू येत नाही."

"मांजर असेल गं."

"आई पण तेच म्हणतात. पण मांजर तांदूळ सांडत नाही."

जिन्याच्या पायऱ्यांवर रोज तांदळाचे चार दाणे सापडत होते. ओले.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओटी भरली की घेणारी बाई त्यातले चार दाणे परत देते. देणारीची ओटी रिकामी राहू नये म्हणून. घेतलं, पोचलं, असा त्याचा अर्थ.

मी लगेच म्हटलं, "मनू, तू इकडे ये. बाळंतपण माझ्याकडे कर."

"पाठवणार नाहीत. आणि ताई... दीपक हल्ली मला काही बोलत नाही. हात लावत नाही. जिन्याकडेच बघत असतो. खाटसुद्धा खाली आणलीय त्याने."

ती हे सांगताना घाबरलेली नव्हती. तेच मला जास्त खटकलं.

फेब्रुवारीत मुलगी झाली. गोरीपान, निरोगी. मी दवाखान्यात पोचले तर कलाबाई बाहेर बाकावर बसलेल्या, जणू घरात मयत झालंय. दीपक आलाच नाही. मी बाळाला उचललं, तिच्या मुठीत माझं बोट दिलं, आणि ठरवलं की या दोघी त्या घरात राहता कामा नयेत.

बाराव्या दिवशी बारसं होतं. सिन्नरलाच. मी मुद्दाम सकाळीच गेले. मागच्या दाराने शिरत होते, तेव्हा स्वयंपाकघरातून कलाबाईंचा आवाज आला.

"आजच्याला बारसं उरकून घिऊ, चार लोकांत बरं दिसतं. मग बघू. लहान जीव हाय, काय बी व्हतं."

दीपक म्हणाला, "बघतो मी."

एवढंच.

मी सरळ मनीषाच्या खोलीत गेले. "कपडे भर. कार्यक्रम झाला की गाडी करून निघायचं. मी ऐकणार नाही."

मनीषा बाळाला तीट लावत होती. तिने वर पाहिलं. "आज ती येणार आहे ना ताई. बारशाचं आवतण आहे तिला. ती येऊन जाऊ दे."

बाळंतिणीचं डोकं फिरलंय असं मला वाटलं. खरंच वाटलं.

दुपारी आळीतल्या बायका जमल्या. घुगऱ्यांचा वास, लहान पोरांचा दंगा, फुलांच्या माळा बांधलेला पाळणा. पुरुष बाहेर मांडवात. दीपक मात्र वरच्या खोलीत जाऊन बसला होता. किती दिवसांनी तो जिना चढला होता. कलाबाईंनीच पाठवलं, "वर जाऊन पड, बायकांत काय काम तुझं?"

बाळाला पाळण्याखालून द्यायची वेळ झाली. तुम्हाला माहीतच आहे, एका बाजूची बाई बाळ पाळण्याखालून सरकवते, दुसऱ्या बाजूची घेते आणि पाळण्यावरून परत देते. या बाजूला मी होते. त्या बाजूला शेजारची आशा.

बायका गाऊ लागल्या. मी वाकून बाळ खाली दिलं. पलीकडून हात आले आणि त्यांनी बाळ घेतलं.

थंड हात...

माझी बोटं त्या मनगटांना लागली. बांगड्या नव्हत्या. झालर होती. कडक, कोरी झालर.

त्या खोलीत बांगड्या नसलेली एकही बाई नव्हती.

"द्या की ताई," पलीकडून आशा म्हणाली.

"घेतलंस ना?"

"नाही ओ. कधी दिलं?"

गाणं थांबलं. मी पाळण्याखाली वाकले. फरशी. फुलांच्या पाकळ्या. पलीकडे आशाचे रिकामे हात.

बाळ नव्हतं.

रडण्याचा आवाज नाही. काहीच नाही. पोरंसुद्धा गप्प झाली होती.

मग वर, जिन्याच्या टोकाशी... सळसळ.

आणि दीपकचा आवाज. "कोण... कोण आहे तिकडं?"

नंतर जो आवाज आला तो मी विसरू शकत नाही. काहीतरी जड, पायरीवरून पायरीवर आपटत खाली येत होतं. मध्ये एकदाही तो ओरडला नाही.

सगळ्या धावल्या. तो जिन्याखाली पडला होता. डोळे उघडे, श्वास चालू, मान विचित्र वळलेली. कलाबाईंनी हंबरडा फोडला. मी वर पाहिलं. वर कुणी नव्हतं. पायऱ्यांवर तांदूळ सांडला होता. या वेळी चार दाणे नव्हते. मूठभर, सगळीकडे.

"बाळ!" मी किंचाळले आणि माघारी धावले.

मनीषा जागची हललीच नव्हती. ती पाळण्याशी उभी होती. बाळ पाळण्यात होतं. गाढ झोपलेलं, उबदार.

अंगात हिरवी कुंची होती.

माझा खण. लाल बारीक काठाचा. मी तो हात न लावताही ओळखला असता. मी कुंचीची कड उलटून पाहिली, सवयच ती. हाताची शिवण होती. टाका इतका बारीक की माझ्या मशीनलाही जमणार नाही.

पण दोरा नव्हता.

केस होता. लांब, सोनेरी केस.

दीपक वाचला. कमरेखालचं सगळं गेलं. नाशिकच्या दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा मी खाटेशी होते. तो माझ्याकडे बघत एवढंच बोलला.

"ती वर उभी होती, पोरीला घेऊन. म्हणाली काहीच नाही. फक्त पोरगी पुढं केली. मी घ्यायला हात पुढं केले ताई... आणि खाली पायरीच नव्हती."

पोरीला घेऊन तो काय करणार होता, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यानंतर तो बोललेला नाही.

त्याचे हात तसेच राहिलेत. दोन्ही मांडीवर, बाळ धरायला वळवलेले. डॉक्टर म्हणतात नसा आखडल्या. दिवसभर तो ओसरीवर खुर्चीत तसा बसलेला असतो.

रिकामे हात.

मी एकदा त्या चर्चमध्ये जाऊन आले. पुतळा जागेवर आहे. मांडीत काही नाही. झुंबरबाई म्हणाल्या, "तुमचं कापड मी काढलं नाही, शपथ घेते. पण एक सांगू? इथे झाडताना पाठीवर कुणाची तरी नजर असायची. लहानपणापासून सवय होती मला. आता नसते."

मी मनीषाला घरी आणायला गेले. ती आली नाही. घर आता तिच्या हातात आहे. हसते, बोलते, चांगली भरलीय अंगाने. मी तिला तोंडावर विचारलं, "मनू, त्या दिवशी तू मागे थांबली होतीस. काय बोललीस तिला?"

मुलीला मांडीवर थोपटत ती म्हणाली, "आईंनी मुलगा मागितला. मी म्हटलं, मला काही नको. जसं तुझं केलं तसं यांनी माझं केलंय. याने ढकललं आणि आईंनी फरशी पुसून घेतली, डॉक्टर यायच्या आत. तू बघ काय ते."

मला रडू कोसळलं. माझी बहीण वर्षभर हे पोटात घेऊन जगत होती. दीपकचं जे झालं त्याचं मला वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू?

पण भीती वाटते.

कारण त्या मडमेला घरी बोलावलं, पण तिची पाठवणी कुणी केली नाही. कशी करायची तेही कुणाला ठाऊक नाही. मनीषा दर महिन्याला माझ्याकडून एक खण मागवून घेते. मी म्हटलं, माप पाठव, मी फ्रॉक शिवून देते. तर म्हणाली, "नको ताई, नुसतं कापड दे. शिवणारी आहे घरात."

मुलगी सुंदर दिसते त्या कपड्यांत. एकही कपडा तोकडा होत नाही.

कलाबाई अजून चालत्याबोलत्या आहेत. जिन्याकडे पाठ करून बसतात. ताटातला भात खात नाहीत, घासात कच्च्या तांदळाचे ओले दाणे लागतात म्हणे.

परवा मनीषाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. पोरीला दात येतायत, आईंना झोप लागत नाही. मग सहज विचारावं तसं म्हणाली,

"ताई, या वेळी पांढरं कापड मिळेल का गं? बिनकाठाचं. जरा मोठं लागेल."

पांढरं कापड ओटीत कुणी घालत नाही. ते कशाला लागतं, मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

मी म्हटलं, बघते.

कापड माझ्या कपाटात आहे. मापून, कापून ठेवलंय. का कापलं, माझं मलाच कळत नाही. अजून पाठवलेलं नाही. पाठवायचं नाही असं रोज ठरवते. मग मला ती पुसलेली फरशी आठवते.

आज दुपारी जेवून दुकानात आले. कुलूप मीच उघडलं. माझ्या मशीनवर, सुईच्या अगदी खाली...

चार दाणे होते. ओले.